पडदा उघडणारी आज्ञा

घरांतील संगणक रोजच्याप्रमाणें सुरू करावा, आणि रोजचें रंगीत चित्र दिसण्याऐवजीं काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ उभी राहावी, असा प्रसंग लिनक्स वापरणाऱ्या कुटुंबांत केव्हां ना केव्हां येतो. ओळीच्या शेवटीं 'लॉगिन' हा शब्द, त्यापुढें लुकलुकणारी एक बारीक रेघ, आणि बाकी सारा अंधार. माउस हलविला तर बाण हलत नाहीं. कारण बाणच नाहीं. मुलीचा परीक्षेचा अर्ज आंत, दहा वर्षांचीं छायाचित्रें आंत, वडिलांच्या पेन्शनचे कागद आंत. आणि दार बंद. मग शेजारचा कोणी तरी सल्ला देतो, "दुकानांत न्या, फॉरमॅट मारून देतील." दुकानदार सांगितलें तेवढें करतो. संगणक पुन्हां रंगीत होऊन घरीं येतो, आणि आंत कांहींच उरलेलें नसतें.

हा अनर्थ बहुतेक वेळां टाळतां येण्यासारखा असतो. ज्याअर्थीं संगणक नांव विचारीत आहे, त्याअर्थीं त्याची डिस्क वाचली गेली आहे, मूळ प्रणाली स्मृतींत येऊन कामास लागली आहे आणि कीबोर्डही जागा आहे. निजला आहे तो केवळ चित्रें काढणारा भाग. त्याला हातानें आज्ञा देऊन उठवितां येतें. ही आज्ञा सहा अक्षरांची आहे. परंतु तिच्या पोटांत काय काय घडतें हें ठाऊक असेल तरच ती वेळेवर उपयोगीं पडते.

अक्षरांचा पडदा हा चित्रांच्या पडद्याहून वयानें वडील. १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं युनिक्स प्रणालीचा पाया घातला, तेव्हां संगणकाशीं बोलण्याचें साधन म्हणजे टेलिटाइप, तारऑफिसांतील छापणाऱ्या यंत्राचें भावंड. माणसानें एक ओळ टंकावी, यंत्रानें कागदावर उत्तर उमटवावें. त्या टेलिटाइपचा संक्षेप 'टीटीवाय' असा होत असे, आणि लिनक्सच्या काळ्या पडद्यावर आजही 'टीटीवाय१', 'टीटीवाय२' अशीं नांवें दिसतात. कागद गेला, यंत्र गेलें, नांव राहिलें. आपल्याकडे गांव सुटून पिढ्या लोटल्या तरी आडनांवांत गांव राहतें, त्यांतलाच हा प्रकार.

युनिक्सच्या कुळांत चित्रांचा पडदा कसा आला याची हकीकत मोठी मौजेची आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेनें १९८३ सालीं डिजिटल इक्विपमेंट व आयबीएम या दोन कंपन्यांच्या साह्यानें 'प्रोजेक्ट अथीना' नांवाचा उपक्रम आरंभिला. विद्यार्थ्यानें कोणत्याही मेजावर बसावें आणि आपलें काम पुढें चालवावें, असा हेतु होता. यंत्रें निरनिराळ्या घडणीचीं. तेव्हां सर्वांवर सारखी चालेल अशी चित्रपद्धति पाहिजे होती. स्टॅनफर्ड विद्यापीठांत 'डब्ल्यू' नांवाची एक पद्धति तयार झालेली होती. तिचा आधार घेऊन बॉब शाइफ्लर यांनीं १९८४ च्या जूनमध्यें नवी पद्धति रचली, आणि जिम गेटिस यांच्या सहकार्यानें ती वाढीस लागली. इंग्रजी वर्णमालेंत डब्ल्यूच्या पुढें एक्स येतो, एवढ्याच कारणानें तिचें नांव 'एक्स' पडलें. सप्टेंबर १९८७ मध्यें तिची अकरावी आवृत्ति निघाली. पुढें तिच्यांत पुष्कळ भर पडली. पण बारावी आवृत्ति म्हणून कांहीं निघालीच नाहीं. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनीं हेलसिंकी येथें १९९१ सालीं लिनक्सचा आरंभ केला, आणि त्या नव्या प्रणालीनें चित्रांसाठीं हीच एक्स पद्धति उचलली.

एक्सची रचना नाटकमंडळीच्या उदाहरणानें चांगली समजते. तिच्यांत सर्व्हर नांवाचा एक प्रोग्राम असतो. पडदा, कीबोर्ड आणि माउस हीं तिन्ही त्याच्या ताब्यांत. तो रंगभूमीच्या मालकासारखा आहे: जागा देतो, दिवे लावतो, प्रेक्षकांची हाक नटापर्यंत पोंचवितो, परंतु स्वतः तोंडाला रंग लावीत नाहीं. पत्र लिहिण्याचा प्रोग्राम, चित्रें पाहण्याचा प्रोग्राम, इंटरनेटचा ब्राउझर हे सारे नट. त्यांना क्लायंट म्हणतात. 'मला एवढी चौकट दे, तींत हीं अक्षरें काढ,' अशी विनंती क्लायंट करतो आणि सर्व्हर ती अमलांत आणतो. येथें पुष्कळांचा गोंधळ होतो. एरवीं सर्व्हर म्हटला कीं दूर कोठें तरी असलेलें मोठें यंत्र डोळ्यांपुढें येतें. एक्सच्या बोलींत मात्र माणसाच्या पुढ्यांतला पडदा सांभाळणारा तो सर्व्हर, आणि क्लायंट खुशाल दुसऱ्या यंत्रावर असूं शकतो. अथीनाच्या विद्यार्थ्यांना तसेंच तर हवें होतें.

नुसता सर्व्हर सुरू केला तर काय दिसेल? पूर्वीं करड्या रंगाचें एक जाळें आणि मध्यभागीं फुलीच्या आकाराचा बाण दिसत असे. अलीकडे तेंही दिसत नाहीं, पडदा काळाच राहतो. खिडक्यांना चौकट व मथळा देणें, त्या सरकविणें, लहानमोठ्या करणें हें कामसुद्धां सर्व्हर करीत नाहीं. त्यासाठीं विंडो मॅनेजर म्हणून निराळा क्लायंट असतो. आणि विंडो मॅनेजर, खालची पट्टी, घड्याळ, फाइलींचीं चित्रें हा सारा संसार एकत्र मांडला कीं त्याला डेस्कटॉप म्हणतात. केडीई हा डेस्कटॉप १९९६ सालीं सुरू झाला, नोम १९९७ सालीं; एक्सएफसीई हा त्यांहून हलका आणि जुन्या यंत्रांना झेपणारा. एकाच घरांत आजोबांना एक, नातवाला दुसरा डेस्कटॉप ठेवतां येतो तो या फोडणीमुळेंच, म्हणजे कामें अशीं फोडून वांटल्यामुळें.

आतां काळ्या पडद्याकडे वळावें. 'लॉगिन' शब्दापुढें आपलें नांव टंकून एंटर दाबलें म्हणजे पासवर्ड विचारला जातो. तो टंकतांना पडद्यावर एकही अक्षर, इतकेंच काय, एक ठिपकाही उमटत नाहीं. नवखा मनुष्य येथें हमखास घाबरतो आणि कीबोर्ड बिघडला असें समजतो. कीबोर्ड बिघडलेला नसतो. खांद्यावरून पाहणाऱ्याला पासवर्डाची लांबीसुद्धां कळूं नये म्हणून ही व्यवस्था. कॅप्स लॉक लागलेला नाहीं एवढें पाहून निमूटपणें टंकावें. नांव पटलें कीं नवी ओळ येते, आणि तिच्या शेवटीं बहुधा डॉलरचें चिन्ह असतें. त्याचा अर्थ, संगणक आज्ञेची वाट पाहत आहे. तेथें एस-टी-ए-आर-टी-एक्स हीं सहा अक्षरें, सर्व लहान आणि मध्यें जागा न सोडतां, टंकावीं. ही 'स्टार्टएक्स' आज्ञा.

ज्यांनीं १९९२ सालचें विंडोज ३.१ वापरलें असेल त्यांना ही रीति परकी वाटणार नाहीं. तेव्हां डॉसच्या काळ्या पडद्यावर डब्ल्यू-आय-एन हीं तीन अक्षरें टंकून रंगीत खिडक्या आणाव्या लागत.

स्टार्टएक्स हा स्वतः फार मोठा प्रोग्राम नाहीं. साध्या अक्षरांत लिहिलेली ती आज्ञांची एक यादी आहे. कोणालाही उघडून वाचतां येते. ती प्रथम एक गुप्त खूणगांठ तयार करते आणि वापरणाऱ्याच्या घरच्या फोल्डरांत 'डॉट एक्सऑथॉरिटी' नांवाच्या फाइलींत ठेवते. ही खूण जो क्लायंट दाखवील त्यालाच सर्व्हर रंगभूमीवर येऊं देतो. मग ती 'एक्सइनिट' नांवाच्या दुसऱ्या प्रोग्रामाला हाक मारते. एक्सइनिट आधीं सर्व्हर उठवितो, तो तयार झाल्याची खूण मिळेपर्यंत थांबतो, आणि मगच पहिला क्लायंट सोडतो. पहिला क्लायंट कोणता? घरच्या फोल्डरांत 'डॉट एक्सइनिटआरसी' नांवाची फाइल असेल तर तींत लिहिलेला; ती नसेल तर प्रणालीनें ठरवून ठेवलेला. नांवाच्या आरंभींच्या टिंबामुळें ही फाइल नेहमींच्या यादींत दिसत नाहीं. एल-एस पुढें एक जागा सोडून वजाचें चिन्ह व ए असें टंकलें कीं दिसते.

या फाइलींत एक खोंच आहे, आणि तींत मोठमोठे ठेंचाळतात. एक्सइनिटचा नियम असा कीं पहिला क्लायंट संपला म्हणजे खेळ संपला. सर्व्हर बंद, पडदा खालीं. फाइलींतील आज्ञा वरून खालीं एकामागून एक पाळल्या जातात. आज्ञेच्या शेवटीं 'अँड'चें चिन्ह दिलें तर ती मागें चालूं राहते आणि यादी पुढें सरकते. घड्याळ, पार्श्वभूमीचें चित्र वगैरेंसाठीं हें ठीक. पण शेवटच्या ओळीलाही कोणी हौसेनें तें चिन्ह लावलें, तर यादी क्षणांत संपते, एक्सइनिट समजतो कीं खेळ आटोपला, आणि पडदा एकदा चमकून पुन्हां काळा होतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतें यंत्रच बिघडलें. चूक असते एका चिन्हाची. म्हणून शेवटची ओळ डेस्कटॉपची ठेवावी, तिला तें चिन्ह लावूं नये, आणि आरंभीं 'एक्झेक' हा शब्द घालावा. म्हणजे यादीची जागा डेस्कटॉपच घेतो, आणि तो चालूं असेपर्यंत पडदा उघडा राहतो. एक्सएफसीईसाठीं ही ओळ 'एक्झेक स्टार्टएक्सएफसीई४' अशी होते. वस्तुतः एक्सएफसीईच्या बाबतींत एवढाही खटाटोप नको: काळ्या पडद्यावर नुसतें 'स्टार्टएक्सएफसीई४' टंकलें तर सर्व्हर चालूं नाहीं हें पाहून ती आज्ञा स्वतःच त्याला सुरू करते.

कित्येक जण डेस्कटॉपच्या भानगडींत न पडतां काळ्या पडद्यावर थेट ब्राउझरचेंच नांव टंकतात. उत्तर येतें, डिस्प्ले सांपडत नाहीं. नट आला, पण रंगभूमीच नाहीं, असा त्याचा अर्थ. सर्व्हर चालूं असतो तेव्हां प्रत्येक क्लायंटाला 'डिस्प्ले' नांवाच्या एका खुणेवरून त्याचा पत्ता कळतो. पहिल्या पडद्याचा पत्ता बहुधा विसर्गासारखें चिन्ह आणि शून्य एवढाच असतो.

रोज हीं अक्षरें टंकावीं लागत नाहींत याचें कारण डिस्प्ले मॅनेजर. नांव आणि पासवर्ड विचारणारी जी सुंदर चौकट सुरुवातीला दिसते ती याची करामत. एक्सबरोबर 'एक्सडीएम' नांवाचा पहिला डिस्प्ले मॅनेजर १९८८ सालीं आला. आतांच्या बहुतेक लिनक्सांत सर्व सेवा सुरू करण्याचें काम सिस्टमडी हा कारभारी पाहतो. त्याच्यापाशीं मुक्कामांचीं नांवें ठरलेलीं आहेत: 'मल्टीयूजर टार्गेट' म्हणजे अक्षरांच्या पडद्यापर्यंत, आणि 'ग्राफिकल टार्गेट' म्हणजे चित्रांच्या पडद्यापर्यंत. म्हणून ज्या घरच्या संगणकावर डिस्प्ले मॅनेजर आहे तेथें स्टार्टएक्सपूर्वीं 'सूडो सिस्टमसीटीएल आयसोलेट ग्राफिकल-डॉट-टार्गेट' ही आज्ञा देऊन पाहावी. गाडी मधल्याच स्टेशनांत थांबली असेल तर ती पुढच्या मुक्कामाला निघते. ग्राफिकल आणि टार्गेट यांमधलें टिंब विसरतां कामा नये.

चौकट येते, पासवर्ड बरोबर असतो, आणि तरीही क्षणभर अंधार होऊन तीच चौकट पुन्हां पुढें येते, हा दुसरा एक छळवादी प्रकार. पुष्कळ वेळां याचें कारण अगदीं घरगुती असतें: डिस्क भरलेली असते. खूणगांठीची फाइल लिहावयास किंवा डेस्कटॉपला आपलीं टिपणें ठेवावयास जागाच नाहीं, तर खेळ उभा कसा राहणार? अशा वेळीं कंट्रोल व ऑल्ट या कळा दाबून ठेवून वरच्या ओळींतील एफ३ ही कळ दाबावी. कांहीं लॅपटॉपांवर एफएन कळही सोबत दाबावी लागते. लिनक्समध्यें एकाच पडद्यामागें असे अनेक पडदे असतात, त्यांतला अक्षरांचा एक पुढें येतो. तेथें नांव व पासवर्ड देऊन 'डीएफ', जागा, वजाचें चिन्ह आणि एच असें टंकलें कीं कोणता भाग किती टक्के भरला तें दिसतें. शंभर टक्के दिसलें तर रोग सांपडला. डेबियन व उबुंटूवर 'सूडो एपीटी क्लीन' ही आज्ञा उतरवून घेतलेले जुने पॅकेज पुसते. घरच्या कागदांना ती हात लावीत नाहीं, म्हणून आरंभ तिच्यापासून करावा. डेस्कटॉपवरून टाकलेल्या फाइली कचरापेटींत पडून जागा अडवीत असतात, हेंही येथें ध्यानांत यावें. 'आरएम' या आज्ञेचा मोह मात्र आवरावा. तिला कचरापेटी ठाऊक नाहीं. गेलें तें गेलेंच.

दुसरें कारण थोडें विचित्र आहे. कोणी घाईंत 'सूडो स्टार्टएक्स' टंकतो, म्हणजे घरधन्याच्या ऐवजीं सर्वाधिकाऱ्याच्या नांवानें पडदा उघडतो. पडदा उघडतोही. परंतु कित्येक प्रणालींत खूणगांठीची फाइल त्यामुळें सर्वाधिकाऱ्याच्या मालकीची होऊन बसते, आणि दुसऱ्या दिवशीं घरच्या माणसाला ती वाचतां येत नाहीं. उपाय सोपा: 'एमव्ही' आज्ञेनें त्या डॉट एक्सऑथॉरिटीचें नांव बदलून टाकावें. फाइल परक्याची असली तरी फोल्डर आपला आहे, तेव्हां तींतलें नांव बदलण्याचा अधिकार आपला. पुढच्या वेळीं नवी फाइल आपोआप होते. स्टार्टएक्स सूडोनें देऊं नये, हा नियम जाणत्यांनीं केला तो उगीच नाहीं.

कारण याहून खोल असेल, उदाहरणार्थ प्रणाली नवी झाली पण ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर तिच्याशीं जुळला नाहीं, तर सर्व्हर आपली तक्रार लिहून ठेवतो. ही रोजनिशी 'एक्सऑर्ग-डॉट-शून्य-डॉट-लॉग' या नांवानें असते. ती व्हार फोल्डरांतील लॉग फोल्डरांत, किंवा नव्या पद्धतींत घरच्याच एका लपलेल्या फोल्डरांत सांपडते. तींत शेंकडों ओळी असतात, पण सगळ्या वाचण्याची जरूरी नाहीं. ज्या ओळींत कंसांत दोनदां ई हें अक्षर आहे त्या चुकीच्या ओळी. दोनदां डब्ल्यू असेल तर ती नुसती सूचना. दुकानांत जावयाचेंच तर या ओळी कागदावर उतरून न्याव्या.

आणि जाण्यापूर्वीं घरचे कागद काढून घ्यावे. तेंही काळ्या पडद्यावरून होतें. पेनड्राइव्ह लावावा. येथें तो आपोआप उघडत नाहीं. 'एलएसबीएलके' आज्ञेनें जोडलेल्या डिस्कांची यादी येते. आकारमानावरून पेनड्राइव्ह ओळखून त्याच्या भागाचें नांव टिपावें, 'सूडो माउंट' पुढें तें नांव व एमएनटी हें फोल्डर देऊन तो जोडावा, आणि 'सूडो सीपी', वजाचें चिन्ह व आर या आज्ञेनें हवे ते फोल्डर नकलून घ्यावे. शेवटीं 'सूडो यूमाउंट' करूनच पेनड्राइव्ह काढावा. या यू नंतर एन नाहीं, हें इंग्रजी जाणणाऱ्यांनाच अधिक चुकवितें.

एक्सचा काळ आतां उतरणीला लागला आहे. क्रिस्टियन होग्सबर्ग यांनीं २००८ सालीं 'वेलँड' ही नवी पद्धति सुरू केली; मॅसॅच्युसेट्समधील एका गांवाचें तें नांव. तिच्यांत रंगभूमीचा मालक आणि विंडो मॅनेजर हे दोघे एकच असतात, आणि एका प्रोग्रामाला दुसऱ्याच्या खिडकींत डोकावण्याची जी मोकळीक एक्समध्यें होती ती राहत नाहीं. फेडोरानें २०१६ सालीं पंचविसाव्या आवृत्तीपासून नोमसाठीं वेलँड पुढें केली, आणि २०२५ सालच्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या दहाव्या आवृत्तींतून एक्सचा स्वतंत्र सर्व्हर काढून टाकण्यांत आला. जुन्या प्रोग्रामांसाठीं वेलँडच्या आंत चालणारा एक्सवेलँड तेवढा राहिला. वेलँडमध्यें स्टार्टएक्सला जागा नाहीं. तेथें डेस्कटॉपचेंच नांव टंकावें लागतें: केडीईसाठीं 'स्टार्टप्लाझ्मा-वेलँड', स्वे नांवाच्या साध्या मांडणीसाठीं नुसतें 'स्वे'. स्टार्टएक्स टंकल्यावर 'अशी आज्ञा नाहीं' असें उत्तर आलें तर प्रथम हीच शंका घ्यावी; किंवा एक्सइनिटचें पॅकेज बसविलेलें नसावें.

मराठी घरांत या काळ्या पडद्याची एक निराळी भीति असते. फाइलींना नांवें मराठींत दिलेलीं असतात, आणि यादी मागितली तर त्यांच्या जागीं चौकोन किंवा प्रश्नचिन्हें दिसतात. कागद नासले असें वाटून काळजांत धस्स होतें. परंतु लिनक्सचा हा मूळ पडदा एका वेळीं फार तर ५१२ अक्षराकृति बाळगूं शकतो, आणि वर्णाला काना, वेलांटी, रफार जोडण्याची विद्या त्याला अवगत नाहीं. तें काम चित्रांच्या पडद्यावरील निराळे प्रोग्राम करतात. डिस्कवर नांव जसेंच्या तसें असतें. नांव टंकतां आलें नाहीं तरी सबंध फोल्डराची नक्कल करितां येते. पुढें केव्हां तरी स्टार्टएक्सनें किंवा दुसऱ्या आज्ञेनें पडदा उघडला, कीं त्याच चौकोनांच्या जागीं 'अर्ज', 'छायाचित्रें', 'पेन्शन' हीं नांवें जोडाक्षरांसह पूर्ववत् दिसूं लागतात.